तिचा बुधवार

शोकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘वहिनींनी घर सांभाळून समाजकार्य केलं.’ बायको गेली तेव्हा मीही ते अनेकांकडून ऐकलं. बोलणाऱ्यांच्या मनात आदरच होता. पण घर म्हणजे आधी उरकायचं काम आणि समाजकार्य म्हणजे उरल्या वेळातला छंद, हा हिशेब काही मला पटला नाही. आमच्याकडे ही दोन खाती वेगळी नव्हतीच. दुधाचे खाडे ज्या वहीत मांडलेले, त्याच वहीत कोणाच्या मुलीची फी राहिली आहे, कोणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला आहे, याच्याही नोंदी असायच्या.

दर बुधवारी बँक सुटली की ती वस्तीतल्या समाजमंदिरात जायची. दारूपायी संसाराची धूळधाण झालेल्या बायका तिथं जमायच्या. उपदेश नाही, भाषण नाही. सतरंजी घालायची, चहा टाकायचा आणि ऐकत बसायचं. ‘ह्यांना सोडवा’ म्हणत आलेली बाई हळूहळू स्वतःबद्दल बोलायला लागायची. कोणी स्वतःच्या नावानं खातं उघडायची, कोणी अर्धवट सुटलेलं शिवणकाम पुन्हा हाती घ्यायची. बुधवारचा स्वयंपाक माझ्याकडे होता. मुलं तो मुकाट्यानं जेवायची. आईला यायला उशीर झाला म्हणून कधी कुरकुर झाली नाही. माझ्या आमटीबद्दल मात्र गुरुवारी सविस्तर चर्चा व्हायची.

ती मानायची डॉ. अनिता अवचटांना, म्हणजे अनिल अवचटांच्या लेखनातल्या सुनंदाला. दोघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे डॉक्टर. अनिल डॉक्टरकी सोडून लेखनात रमले; सुनंदाबाई येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून नोकरी करत राहिल्या. त्यांच्या पगारावर घर चालायचं आणि दोन मुलींचं करायला वडील घरी. यात दोघांनाही काही कमीपणा वाटला नाही. ‘स्वतःविषयी’ वाचताना माझी बायको मधूनच माझ्याकडे बघायची, ते का, हे मला न सांगता कळायचं.

पुढे अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेख नवऱ्याचा, पण त्यातून उभं राहिलेलं काम रोजच्या रोज चालवायला बायकोच हवी होती. व्यसनी माणसाकडे सुनंदाबाईंनी गुन्हेगार म्हणून पाहिलं नाही, आजारी माणूस म्हणून पाहिलं. आणि आजार एकट्याचा नसतो, घराचाही असतो, हे ओळखून तिथं रुग्णांच्या बायकांचेही गट चालू लागले. त्यांचं नाव ‘सहचरी’. आमच्या बुधवारचं मूळ हेच.

१० फेब्रुवारी १९९७ रोजी कर्करोगानं सुनंदाबाई गेल्या. त्यानंतर अनिल अवचट जवळजवळ पंचवीस वर्षं जगले. २७ जानेवारी २०२२ रोजी तेही गेले. मधल्या काळात मुक्तांगण थांबलं नाही. मुलगी मुक्ता त्याच कामात उतरली. एकेकाळी उपचार घ्यायला आलेली माणसं समुपदेशक होऊन दुसऱ्यांना सावरू लागली. सुनंदाबाईंच्या नावानं पुरस्कार दिला जातो, तोही ‘संघर्ष सन्मान’. आयुष्यात झगडून उभ्या राहिलेल्यांना तो मिळतो. गेलेल्या माणसाची आठवण काढायची आणि त्या निमित्तानं जित्या माणसांकडे बघायचं, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. नवऱ्यानं बायकोबद्दल कितीही हळवं लिहिलं, तरी तिनं लावलेली शिस्त दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी पाळावीच लागते. नाहीतर उरतो तो फक्त लेख.

म्हणून आमच्या हिच्या स्मृतीसाठी मंडळी जमली आणि फोटो, कोनशिला, व्याख्यानमाला असं एकेक सुचवू लागली, तेव्हा मी विचारलं, ‘बुधवार कोण घेणार?’ जरा शांतता पसरली. शेवटी तिथं येणाऱ्याच दोघी पुढे झाल्या. आता त्या आळीपाळीनं बैठक घेतात. सगळं हिच्यासारखं होत नाही. एकीचं ऐकणं कमी आणि सांगणं जास्त. दुसरीला उशिरा येणाऱ्यांचा राग येतो. चहाच्या पैशांवरून एकदा चांगलीच जुंपलीही. पण बैठक होते. मला आत बसायला मनाई आहे, कारण पुरुषमाणूस दिसला की बायका गप्प होतात. माझ्याकडे साखर, चहापूड आणि वही.

तिच्या नावानं काहीतरी द्यायचंय, असं सांगणारे फोन अजून येतात. पैशाला मी नाही म्हणत नाही. मुलींच्या फिया त्यातूनच भरल्या जातात. पण हल्ली एक अट घालतो. पावती लगेच फाडून देईन, त्याआधी आठवड्यातला कुठला वार देणार ते सांगा.