गाण्याची गोधडी

दिवाळी आटोपली आणि किल्ल्याच्या माथ्यावरून पहांटेचा वारा खालीं उतरूं लागला, म्हणजे आमच्या दौलताबादेंत माळ्यावरच्या गोधड्या उन्हांत पडतात. यंदां आमच्या घरीं त्या पंधरा दिवस आधींच खालीं आल्या. त्याला कारण थंडी नसून एक गाणें होतें. तें कसें, हें या महिन्यांत वाचकांस सांगण्याचा विचार आहे.

आमची धाकटी सूनबाई शहरांतील स्त्रियांच्या एका शिवणमंडळांत जाते. शहर म्हणजे ज्याला आम्हीं जन्मभर औरंगाबाद म्हटलें आणि २०२३ पासून ज्याचें नांव छत्रपती संभाजीनगर झालें तें. या मंडळानें यंदां एक पण लावला. प्रत्येकीनें आपल्या आवडीचें एक गाणें निवडावें व त्यावरून एक गोधडी शिवावी. गोधडीवर गाण्याचें एकहि अक्षर काढावयाचें नाहीं, आणि तरी पाहणारीला गाणें ओळखूं यावें! ही कल्पना मूळची परदेशांतील. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरीं २००९ सालीं 'मॉडर्न क्विल्ट गिल्ड' नांवाची संस्था निघाली. नव्या धर्तीच्या गोधड्या शिवणाऱ्यांचीं तशीं मंडळें आतां ठिकठिकाणीं आहेत, व त्यांत असले पण लागत असतात. 'गिल्ड' याला आपला जुना शब्द 'श्रेणी'. मंदसोरच्या शिलालेखांत रेशमी वस्त्रें विणणाऱ्या एका श्रेणीनें सूर्यमंदिर बांधल्याचा आणि इ. स. ४७३ च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार केल्याचा वृत्तान्त आहे, आणि तो वत्सभट्टि नामक कवीनें संस्कृत पद्यांत रचला आहे. तेव्हां वस्त्र आणि काव्य यांची सोयरीक आपल्याकडेहि कांहीं कालची नव्हे.

सूनबाई मजकडे येऊन म्हणाली, "मामंजी, बाकीच्या जणींनीं सिनेमाचीं गाणीं घेतलीं आहेत. कोणीं पावसाच्या गाण्यासाठीं निळ्या चिंध्या जमविल्या, कोणीं चंद्राच्या गाण्यासाठीं पांढरें वर्तुळ कापलें. मला आपल्या मोठ्या आजींची ओवी घ्यावीशी वाटते. तुम्हांला एखादी आठवते का?"

वाचकहो, पस्तीस वर्षें मीं मुलांना वृत्तें शिकविलीं. शार्दूलविक्रीडिताचे गण मी झोपेंतहि सांगेन. परंतु जी ओवी ऐकत ऐकत मी जात्याशेजारीं आईच्या मांडीवर निजत असें, तिची एक ओळहि मला आठवेना. आई जाऊन एकवीस वर्षें झालीं. त्यापूर्वीं मजजवळ वही होती, लेखणी होती, अक्षरहि बरें होतें. परंतु आईच्या ओव्या लिहून घ्याव्या, असें एकदांहि मनांत आलें नाहीं. तें वाङ्मय आहे, असें मला वाटलेंच नव्हतें.

आणि ही चूक माझ्या हातून घडली ती कोणत्या गांवीं? आमचें दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. तेराव्या शतकांत येथें सिंघण राजाच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा पंडित होता. त्याचा आजा भास्कर हा काश्मीरांतून दक्षिणेंत आलेला. शार्ङ्गदेव स्वतः राजाच्या दप्तरांत अधिकारी होता. त्याचा 'संगीतरत्नाकर' उत्तरेकडील व दक्षिणेकडील, दोन्ही संगीतपद्धतींचे अभ्यासक आजहि प्रमाण मानतात. त्या ग्रंथांत प्रबंधांच्या गणनेंत ओवीचें नांव आहे. त्याच्याहि सुमारें शंभर वर्षें आधीं चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख आलेला आहे. राजानें आणि पंडितानें जिला आपल्या ग्रंथांत पाट मांडून बसविलें, तिला एका मास्तरानें स्वतःच्या ओसरीवर ओळखलें नाहीं!

माझी थोरली बहीण अक्का दोन वर्षांपासून आमच्याकडेच असते. तिचें वय आज शहात्तर. सकाळीं काय जेवली, तें तिला संध्याकाळीं सांगतां येत नाहीं. सूनबाईनें तिला विचारलें, तर "मला नाहीं बाई येत आतां कांहीं," म्हणून तिनें तोंड फिरविलें.

ओवी मिळेना, तेव्हां सूनबाईनें आईच्या हातची गोधडी माळ्यावरून काढली. निदान टांके तरी पाहूं, म्हणून. वर-खालीं दोन जुनीं लुगडीं, मध्यें वडिलांचीं विरलेलीं धोतरें, आणि कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनीं मध्याकडे जाणारा बारीक धांवदोरा. बरोबर मध्यभागीं वीतभर लांबीरुंदीचा डाळिंबी कापडाचा तुकडा. लहानपणीं त्या तुकड्यावर बोट फिरवीत मी झोंपलों आहें. पण तो कोणाच्या वस्त्राचा, हें कधीं विचारलें नव्हतें. एक कड पार उसवून लोंबत होती. सूनबाई भीत भीत म्हणाली, "मामंजी, एवीतेवी कड गेलीच आहे. मधला तुकडा अलगद काढून माझ्या गोधडींत घेऊं का?"

मी एकदम ताडकन् बोललों, "आईचे टांके या घरांत कोणीं उसवावयाचे नाहींत!" पोर गप्प झाली. दोन दिवस घरांत कोणी मोकळेपणीं बोललें नाहीं. तिसऱ्या दिवशीं आमच्या मंडळींनींच मला सुनावलें, "अहो, पांघरायला तुम्ही ती काढूं देत नाहीं आणि कापूंहि देत नाहीं. माळ्यावर काय उंदरांसाठीं राखून ठेवली आहे?" मजजवळ उत्तर नव्हतें.

त्याच दुपारीं सूनबाईनें गोधडी ओसरीवर पसरली. लोंबणारी कड अक्काच्या मांडीवर दिली, सुई ओवून तिच्या हातांत ठेवली, आणि "आत्याबाई, एवढी कड धरून द्या," एवढेंच सांगून ती स्वतः दुसऱ्या टोंकाला बसली. अक्कानें कापड चाचपलें. हात अगदीं सरावाचे असल्यासारखे चालूं लागले. दहा-बारा टांके पडले आणि तिच्या तोंडून गुणगुण निघाली. मग सूर, आणि सुराच्या पाठोपाठ शब्द! मी खांबाशीं पुस्तक घेऊन बसलों होतों. पुस्तक तसेंच हातांत राहिलें. सूनबाईनें कांहीं न बोलतां आपला मोबाइल हळूच अक्काजवळ सरकवून ठेवला.

जात्यावरच्या ओवीची रीत अशी, कीं चौकट सर्वांची आणि नांवें ज्याच्या त्याच्या घरचीं. पहिली ओवी देवाला. मग आईबाप, माहेर, भाऊ, लेंकरें. तीच ओवी दहा घरीं जाते आणि दहा घरचीं माणसें तींत येऊन बसतात. अक्काच्या चौथ्या ओवींत माझें नांव आलें. साठी उलटल्यावर मला कळलें, कीं पाटी-दप्तर घेऊन शाळेंत निघालेला मी आईच्या जात्यावर रोज हजर होतों. सहाव्या ओवींत आणखी एक नांव आलें. तें मुलीचें होतें, आणि मला ओळखीचें नव्हतें.

मीं विचारलें, "अक्का, ही कोण?"

सुई न थांबवितां ती म्हणाली, "आपल्या दोघांमधली. तुझ्या जन्माआधीं दोन वर्षें गेली. तापानें. हा तिच्या परकराचा तुकडा." तिनें डाळिंबी कापडावर हात ठेवला. "आईनें तिचें नांव घरांत पुन्हां काढलें नाहीं. जात्यावर मात्र रोज घेत असे."

तें नांव मी येथें लिहीत नाहीं. ज्या ओवीनें मी निजत होतों तींत तें होतें, आणि जें पांघरून निजत होतों त्याच्या मध्यभागींहि तेंच होतें. आणि मला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

जुन्या वस्त्रांत मन शिवून ठेवण्याची ही चाल एकट्या महाराष्ट्राची नव्हे. संस्कृतांत ठिगळांच्या वस्त्राला 'कन्था' म्हणतात. तोच शब्द बंगालांत 'काँथा' होऊन तेथील गोधडीचें नांव झाला. जसीमउद्दीन या बंगाली कवीचें १९२९ सालीं प्रसिद्ध झालेलें एक कथाकाव्य आहे. त्यांत पतीच्या वियोगांत झुरणारी शेतकऱ्याची बायको आपलें सारें आयुष्य एका कंथेवर टांक्यांनीं काढते, आणि तिच्या मृत्यूनंतर ती कंथा तिच्या कबरीवर पसरतात. अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत 'जीज बेंड' नांवाचें खेडें आहे. तेथील कृष्णवर्णी स्त्रियांच्या पूर्वजांनीं गुलामगिरी सोसली होती. या स्त्रिया कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आणि शिवतांना भजनें गात. २००२ सालीं त्या गोधड्या ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या, आणि २००६ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें त्यांचीं तिकिटें काढलीं. त्या बायांनीं त्या शिवल्या होत्या त्या मुलांना थंडी वाजूं नये म्हणून.

आतां सूनबाईच्या गोधडीविषयीं. तिनें मला ओवीचें माप विचारलें; निदान तेवढें तरी मला सांगतां आलें. ग्रंथांतील ओवीचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले असतात. चौथा आंखूड आणि मोकळा. गळ्यावरच्या ओवींत हें माप सैल होतें, पण तिला तें आवडलें. तिनें जुन्या लुगड्यांच्या तीन सारख्या पट्ट्या घेतल्या आणि तिन्हींच्या शेवटीं एकच कांठ लावला, तेंच यमक. चौथी पट्टी आंखूड, बिनकांठाची. जात्याचें चित्र नाहीं, कीं पहांटेचा चंद्र नाहीं.

आईच्या गोधडीचें काय करावें, हा प्रश्न अक्कानें सोडविला. जुनी गोधडी नवीच्या पोटांत घालण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहेच. अक्का म्हणाली, "तिला नवीच्या आंत घाला. ऊब आंतूनच येते." त्याप्रमाणें एकहि टांका न उसवितां ती सबंध आंत गेली. वरून फक्त मध्यभागीं, जेथें खालीं तो तुकडा आहे, तेथें सूनबाईनें डाळिंबी दोऱ्याचे टांके घातले. मीं स्वतः सुईंत दोरा ओवून दिला. चष्मा असूनहि तीनदां चुकला.

मंडळांत गोधडी मांडली गेली. परंतु गाणें कोणालाहि ओळखतां आलें नाहीं, आणि सूनबाईला क्रमांक मिळाला नाहीं. तिला त्याचें फारसें वाईट वाटलें नाहीं. गोधडी घरीं आली ती अक्काच्या अंथरुणावर गेली.

वाचकभगिनींनो आणि बंधूंनो, मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांतून हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पण आपल्या घरची ओवी त्यांत असेलच असें नाहीं. ती आपल्यालाच जमविली पाहिजे. माझ्या अनुभवावरून एकच सूचना करतों. घरांतील वडीलधाऱ्या बाईला "एखादी ओवी सांगा" असें विचारूं नका. तिच्या हातांत कांहीं काम द्या: सूप द्या, वाती वळायला कापूस द्या, सुई द्या, आणि जवळ बसा. शब्द तिच्या जिभेवर नसले, तरी हातांत असतील. आणि लिहून घेतांना नांवें गाळूं नका. ओवींत घरचें असें जें कांहीं असतें, तें नांवांतच असतें.

अक्काच्या एकतीस ओव्या आतांपर्यंत माझ्या वहींत उतरल्या आहेत. बत्तिसावी काल दुपारीं अर्धी झाली आणि शिवण संपली, तशी ती थांबली. घरांत आतां फाटकी गोधडी उरलेली नाहीं. आमच्या मंडळींनीं शेजारच्या काकूंकडून एक मागून आणली आहे. ती आज दुपारीं अक्काला देणार आहों.