ताप उतरला, पण मूत्रपिंडाचं काय?

मैत्रिणींनो, मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला की थंडी वाजून ताप येतो, पाठीत एका बाजूला ठणका लागतो. औषधानं 72 तासांतही उतार पडला नाही, तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. ती टाळू नका. गळू झालंय का, खड्यानं लघवी अडलीय का, ते बहुधा तिच्यात कळतं. गळू असलंच, तर ते आटतंय का हे पाहायला तीच तपासणी पुन्हा करतात. क्ष-किरण नसल्यानं ती गरोदरपणीही चालते. मात्र तिच्यात जंतू दिसत नाहीत हं! चित्र चांगलं आलं म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. सगळ्यांची औषधं सांभाळणारी बाई स्वतःचाच डोस चुकवते. दुखणं उलटलं, तर मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहू शकतो.