१४२८५७ आणि आपलं लाल पेन



१४२८५७ ला २ ने गुणा : २८५७१४. ३ ने गुणा : ४२८५७१. ६ पर्यंत तेच अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात बदलते. ७ ने गुणलं की ९९९९९९!

मोबाईलवर ही 'जादुई संख्या' म्हणून फिरते. मला तो शब्दच खटकतो. जादू म्हटलं की मूल टाळ्या वाजवतं, पण 'का?' विचारत नाही. त्यापेक्षा १ ला ७ ने भागायला लावा. बाकी येत जाते ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १, म्हणजे फिरून पहिल्या जागी! भागाकारात १४२८५७ पुन्हापुन्हा येतं. २ ला ७ ने भागलं की त्याच चक्रात आपण मधूनच शिरतो.

गुणाकाराच्या सरावाला मी हीच संख्या देते. ४ ने गुणताना एक मुलगी मध्येच थांबली, "बाई, यात शून्य कुठून आलं? हातचा राहिला वाटतं!" आणि स्वतःच खोडून नीट केलं. लाल पेन लागलंच नाही. पानभर उदाहरणं देऊन फुल्या मारण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

आपल्या नाशिक रोडशेजारी देवळालीत द. रा. कापरेकर गुरुजी १९३० ते १९६२ शाळेत शिकवत होते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'कापरेकर संख्यां'मध्ये हीसुद्धा आहे. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज करा. उत्तर मुद्दामच लिहीत नाही. आज मुलांसोबत वहीवर करून बघा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून.