भिंतीवरचा हिरवा, डब्यातला हिरवा



पाऊस ओसरून दिवाळी दृष्टिपथात आली, की आपल्या व्यापारी घरांत दोन कामे हमखास निघतात. दुकानात वह्यांची आवराआवर आणि घरात भिंतींची डागडुजी. यंदा स्वारगेटजवळच्या आमच्या घरी या दुसऱ्या कामाने असा घोळ घातला, की त्याची हकीकत वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

सासूबाईंच्या खोलीला पिस्ता रंग आहे. तो माझ्या सासऱ्यांनी स्वतः पसंत केलेला. त्यांच्या पश्चात खोलीचा रंग बदलायचा नाही, हा सासूबाईंचा एकच आग्रह. या पावसाळ्यात खिडकीखालच्या भिंतीला ओल आली आणि रंगाचे पोपडे सुटले. गळती बंद केली, गिलावा नीट वाळू दिला, लांबी भरली. उरला तो रंगाचा प्रश्न. जुनी छटा त्या कंपनीच्या शेडकार्डात आता नव्हती. दुकानदाराने भिंतीवरील रंगाची एक खपली आणायला सांगितली, ती यंत्राखाली धरली आणि दुसऱ्या कंपनीच्या रंगात तीच छटा तयार करून दिली. रंगाऱ्याने दोन हात दिले. दिवसा आम्हाला जोड ओळखूही येईना. संध्याकाळी दिवा लावला मात्र, खिडकीखाली एक निळसर चौकोन स्पष्ट उमटला.

सासूबाई तर भर दुपारीच म्हणाल्या होत्या, “अगं, हा आपला हिरवा नव्हे. यात निळे पडले आहे.” वय झाले की असे वाटायचेच, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले होते.

दुसऱ्या दिवशी एसटी स्थानकाची गर्दी ओलांडून मी तडक दुकान गाठले. चार गिऱ्हाइकांसमोर ‘तुम्ही रंग बदलून दिलात’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. व्यापाऱ्याच्या घरातली सून असूनही त्या शब्दांचे मोल त्या क्षणी मला उमजले नाही. दुकानदार शांतपणे म्हणाला, “ताई, ती खपली आणि नवा रंग लावलेला एक पुठ्ठा घेऊन उद्या उजेडी या.” त्याप्रमाणे गेले. त्याने दोन्ही नमुने उंबरठ्यावर आणून उन्हाच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवले. रंग एकच! मग तेच नमुने आत पांढऱ्या नळीच्या प्रकाशात धरले. नवा नमुना निळसर दिसू लागला.

मला माहेरची आठवण झाली. वडिलांचे कापडाचे दुकान होते. साडीवर ब्लाउजपीस जुळवायला आलेल्या बायकांना ते नेहमी म्हणत, “बाहेर ओट्यावर जाऊन बघा.” आजही मॅचिंग सेंटरमधली जाणती गिऱ्हाईक कापड दाराशी नेऊन पाहते. चिंतामणी रंगाची साडी दुकानातल्या दिव्याखाली एक आणि उन्हात दुसरीच दिसते, हे आपल्याकडे मुलीबाळींनाही ठाऊक असते. कापडाच्या बाबतीत पाळलेले हे शहाणपण भिंतीच्या बाबतीत आपण कसे विसरतो?

यामागचे कारण असे. हिरवा रंग अनेक प्रकारे घडवता येतो. थॅलोसायनिन नावाचे द्रव्य तेजस्वी, निळसर झाकेचा हिरवा देते. क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा मंद आणि शेवाळी, पण अतिशय टिकाऊ असतो. पिवळ्यात निळा मिसळूनही हिरवा साधतो. प्रत्येक द्रव्य प्रकाशाचा निराळा हिस्सा शोषते आणि निराळा हिस्सा परत पाठवते. आपल्या डोळ्याला कळते ती केवळ बेरीज. दोन वह्यांची बेरीज एकच यावी, पण आतल्या नोंदी भिन्न असाव्यात, तसा हा प्रकार आहे. प्रकाश बदलला की काही नोंदींचे आकडे बदलतात आणि बेरजा फुटतात. शास्त्रज्ञ याला मेटामेरिझम म्हणतात.

कंपनी बदलली की हा धोका वाढतो. लोअर परळला १९२० साली सुरू झालेल्या कारखान्याचा वारसा सांगणारी नेरोलॅक, १९२३ पासून कोलकात्यात पाळेमुळे असलेली बर्जर, १९४२ साली गिरगावात चार मित्रांनी उभी केलेली एशियन पेंट्स. या प्रत्येकीचा पांढरा किंवा पारदर्शक बेस वेगळा आणि त्यात थेंबाथेंबाने पडणारी रंगद्रव्येही वेगळी. त्यामुळे एका कंपनीचा शेड नंबर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला थेट उपयोगी पडत नाही. खपली वाचणारे यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी खपलीवरून किती परततात हे मोजते आणि आपल्या कंपनीच्या द्रव्यांतून जवळात जवळचे मिश्रण शोधते. उरलेला फरक ‘डेल्टा ई’ या आकड्यात सांगितला जातो. तो १ च्या आत असला तर सामान्य डोळ्याला सहसा कळत नाही; मात्र तो आकडा ठरावीक प्रकाशापुरताच खरा असतो. लोखंडी जाळी वा फाटकाच्या ऑईलपेंटसाठी आय. एस. ५ हे भारतीय मानक आहे. त्यातला २१७ क्रमांकाचा सी ग्रीन कोणत्याही कंपनीकडे मागता येतो. घरातल्या भिंतींच्या इमल्शनला मात्र असा सामाईक क्रमांक नाही. तिथे ज्याच्या त्याच्या हजारो छटा आणि ज्याची त्याची नावे.

आता सासूबाईंचे म्हणणे. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उन्हाळ्यात झाली. डावा डोळा अजून व्हायचा आहे. वयानुसार डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. नवे भिंग तो आत येऊ देते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या एका डोळ्यावर १९२३ साली अशीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांनाही रंग बदललेले दिसू लागले होते. दुकानातून परतल्यावर मी सासूबाईंना एकेक डोळा झाकून भिंतीकडे बघायला सांगितले. उजवा झाकल्यावर त्या म्हणाल्या, “आता एकच दिसतो.” डावा झाकला. “आता निळा आहे.” आम्हाला दिव्याखाली जे दिसले, ते त्यांना दिवसाढवळ्या दिसत होते. मी त्यांची क्षमा मागितली.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असे काम निघाले, तर अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

जुन्या रंगाचा नंबर ठाऊक असला तरी केवळ त्यावर विसंबू नये. ऊन, धूप-दिव्याचा धूर आणि हातांचे डाग यांनी भिंत बदललेली असते. कपाटामागची खपली मूळ रंग दाखवते. पण जोड जिथे यायचा, तिथलीच खपली घ्यावी. ती निदान इंचभर असावी आणि ओल्या फडक्याने हलकेच पुसून न्यावी. मोबाईलमधल्या छायाचित्रावरून रंग कधीही जुळवू नये.

चकाकी तीच मागावी. मॅट, मंद चकाकीचा आणि तकतकीत, या तिन्हींत एकच छटा तीन तऱ्हांची भासते.

आधी पुठ्ठ्यावर दोन हात देऊन रात्रभर वाळवावे, कारण इमल्शन ओले असताना फिकट दिसते आणि वाळल्यावर गडद होते. मग तो पुठ्ठा भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री त्याच खोलीतल्या दिव्याखाली पाहावा. २७०० केल्विनचा पिवळा दिवा हिरव्याला पोपटीकडे झुकवतो, तर ६५०० केल्विनचा पांढरा दिवा निळ्याकडे. घरातल्या ज्येष्ठांनाही तो अवश्य दाखवावा.

आणि भिंतीला ठिगळ लावू नये. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी. कोपऱ्यात प्रकाश आपोआप बदलतो, तिथे लहानसा फरक लपून जातो. बारा बाय दहा फुटांची भिंत म्हणजे १२० चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना साधारण एक लिटर पुरतो. डबे एकाहून अधिक लागले तर एकाच बादलीत एकत्र करून मगच वापरावेत.

आम्ही तेच केले. दुकानदाराने निळी झाक कमी करून नवे मिश्रण काढले, पुठ्ठा दोन दिवस खोलीत राहिला, आणि सासूबाईंनी होकार दिल्यावरच खिडकीची संपूर्ण भिंत रंगवली. बाकीच्या तीन भिंती सासऱ्यांच्या वेळच्याच आहेत. दुकानदाराला दिवाळीचा फराळ द्यायला मी स्वतः जाणार आहे.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे. सासूबाई म्हणाल्या, “तो पुठ्ठा टाकू नकोस हो. दोन्ही डोळ्यांनी एकदा पुन्हा बघीन.”