दुष्काळाची तजवीज वैशाखात

रायपूरच्या उत्तरेस बिलासपूर रस्त्यावरील भनपुरी आज लोखंडाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. परंतु ही कारखान्यांची वस्ती मागे टाकून धरसींवाच्या बाजूस निघाले, की भाताची खाचरे लागतात, आणि ज्या खाचरांना कालव्याचे पाणी मिळत नाही त्यांच्या धन्याचे वर्षाचे भवितव्य आषाढ-श्रावणाच्या सरींवर अवलंबून राहते. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा आकडा ऐश्वर्याचा वाटेल; तरीही 2015 साली छत्तीसगडच्या बहुसंख्य तहसिली दुष्काळग्रस्त जाहीर कराव्या लागल्या.

याचे कारण पावसाच्या विभागणीत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि तेवढ्याच अवधीत मोसमी पावसाचे एकंदर मान मात्र घटले. या लहरीपणाची झळ कशी लागते ते ब्यासीच्या वेळी दिसते. फेकून पेरलेले भात महिना-सव्वा महिन्याचे झाले आणि बांधीत चार बोटे पाणी साचले, की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवितात. त्याने दाट रोपे विरळ होतात आणि तण चिखलात गाडले जाते. नेमक्या त्या पंधरवड्यात पावसाने दडी मारली तर ब्यासी हुकते, तण माजते, आणि पुढे कितीही पाऊस झाला तरी गेलेले उत्पन्न परत येत नाही.

हा पंधरवडा गावचा तलाव निभावून नेऊ शकतो. मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा मालगुजाराने भरण्याच्या पद्धतीच्या, अमदानीत तलावाच्या पाण्यावरील हक्क आणि वहिवाटी वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रिवाजांच्या नोंदपत्रात, नोंदविल्या जात. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने, छत्तीसगडाप्रमाणेच भंडारा-चांदा भागातही, मालगुजारी संपुष्टात आली. ते न्याय्यच झाले. परंतु दप्तरात हक्क शिल्लक उरले आणि गाळ काढण्याचे, पाळ दुरुस्त करण्याचे मालगुजाराकडचे कर्तव्य मात्र बेवारस झाले.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे. कन्हार जमीन ओल धरून ठेवते, मटासी तिच्याहून लवकर सुकते, आणि भाटा जमिनीत पाणी ठरतच नाही. तेथे कोदो किंवा तूर हेच शहाणपणाचे पीक. पण सरकार भाताला क्विंटलमागे 3100 रुपये देऊन एकरी 21 क्विंटलपर्यंत खरेदी करीत असता, शेतकऱ्याने भाटावरही भातच लावले तर त्याला दोष कसा द्यावा? कोदो-कडधान्यांना तितकीच खात्रीची खरेदी मिळाली पाहिजे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताचे 23,000 हून अधिक वाण जतन केलेले आहेत. त्यांतील हळवे, ताण सोसणारे वाण पेरणीपूर्वी गावच्या सोसायटीत पोचले, तरच त्या संग्रहाचे चीज होईल.

नुकसानभरपाई ही पीक बुडाल्यानंतरची सांत्वना आहे, आणि ती द्यावीच लागेल. परंतु दर वैशाखात प्रत्येक ग्रामसभेपुढे तलावाचा जमाखर्च मांडला जावा, गाळ आणि पाळ यांचे काम रोजगाराच्या निधीतून मृगापूर्वी पुरे व्हावे, आणि ब्यासीचे पाणी कोणाला किती व केव्हा मिळणार हे तेथेच लेखी ठरावे, एवढे शासनाने बंधनकारक केले, तर बेवारस झालेल्या त्या कर्तव्याला पुन्हा वारस मिळेल.