घेतले कुठून, ते सांगावे



आपल्या मंदिरात कोणी पंखा दिला तरी पात्यावर देणाऱ्याचे नाव रंगवलेले असते. पैसे देणाऱ्याचे नाव आपण विसरत नाही. ज्ञान देणाऱ्याचे मात्र सहज गाळतो. बारामती असो की इंदापूर, मुलांचे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, नाहीतर मोबाईलवरून उतरवले जातात. भिगवणच्या पक्ष्यांवर प्रकल्प असतो, पण मूल भिगवणला गेलेलेच नसते! आणि रात्री जागून तो उतरवून देणारी बऱ्याचदा आईच असते.

"सगळेच करतात, यात चोरी कसली?" असे म्हणतात. आपल्या धर्मात याचे उत्तर स्पष्ट आहे. न दिलेले घेणे म्हणजे चोरी. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात चोरीचा माल घेणे आहे, तसेच अस्सलात नक्कल मिसळून खपवणेही आहे. दुसऱ्याच्या परिच्छेदातले चार शब्द बदलून तो आपला म्हणून देणे, हे मला त्याच जातीचे वाटते.

"ज्ञान तर सर्वांचे आहे," असेही कोणी म्हणेल. खरे आहे. ते घ्यायला कोणाची मनाई नाही. पण ज्ञानाचाराच्या आठ अंगांत अनिह्नव हे एक अंग आहे. ज्या गुरूकडून, ज्या शास्त्रातून शिकलो त्याचे नाव लपवायचे नाही, असा त्याचा अर्थ. पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी पाहा. मूळ सूत्र वेगळे, टीका वेगळी. कोणाचे काय, यात गल्लत नाही. कॉलेजात आज ज्याला संदर्भ देणे म्हणतात, ते आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे.

मी कॉमर्सची. व्हाउचर नसेल तर एन्ट्री करायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवले. संदर्भ म्हणजे लेखनाचे व्हाउचरच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये याचे नियम केले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ६ महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. मात्र वर्गातले प्रकल्प, निबंध आणि उत्तरपत्रिका या नियमांतून वगळल्या आहेत. म्हणजे जिथे सवय लागते तिथे ही चाळणी नाही, आणि चाळणी लागते तोवर मूल बावीस-पंचवीस वर्षांचे झालेले असते. मग आधीची चाळणी घरातच लावायला हवी. आपण पाणी गाळून पिणारी माणसे, हे आपल्याला जड नाही.

करायचे एवढेच. मुलाने आधी वाचावे, पुस्तक मिटावे, मग आठवेल ते आपल्या भाषेत लिहावे. जसेच्या तसे घेतलेले वाक्य अवतरणचिन्हात घालावे. लेखक, पुस्तक, वर्ष आणि पान वाचतानाच वहीत टिपावे. नंतर सापडत नाही. आपल्या शब्दांत लिहिले तरी विचार ज्याचा त्याचे नाव द्यावेच. फोटो आणि आकडे यांनाही हेच लागू. मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतले असेल तर तेही शिक्षकांना सांगावे.

दशलक्षण पर्वातल्या निबंध स्पर्धांतही हा नियम असावा, असे माझे मत आहे. निबंधाखाली "हे मी कुठे वाचले" अशा दोन ओळी हव्यात, आणि त्यांना गुण हवेत. स्वतः लिहिलेला मोडकातोडका निबंध उतरवलेल्या सुंदर निबंधाच्या वर ठेवावा. नाहीतर उत्तम सत्य धर्मावरच्या उतरवलेल्या निबंधाला आपणच टाळ्या वाजवू.

आणि घरी मुलाला "किती मार्क पडले?" विचारण्याआधी "हे कुठून घेतलेस?" एवढे विचारावे. ओरडून नाही, सहज. त्याला उत्तर देता आले की समजावे, अभ्यास झाला.