एस.टी.ने आणलेली बातमी

मंचरहून घोडेगाव आणि डिंभे मागे टाकून भीमाशंकरकडे निघालेल्या रस्त्यावर तळेघर लागते. श्रावणात या रस्त्याने जाणाऱ्या यात्रेकरूंमध्ये खिशात मोबाइल नसलेला माणूस आता शोधूनच काढावा लागेल. धुक्यात बुडालेली वळणे, कड्यावरून उतरणारे पाणी, भातखाचरांत वाकलेल्या बायका यांची छायाचित्रे रात्रीपर्यंत पुण्यामुंबईच्या घराघरांत पोचलेली असतात. ती पाहून शहरातला सुजाण वाचक असा निष्कर्ष काढतो की, डोंगर आता बोलका झाला. हाती कॅमेरा आणि खिशात इंटरनेट असलेला प्रत्येक माणूस बातमीदार झाला. गेली पंधरा-वीस वर्षे हे वाक्य परिसंवादांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली. आम्हाला ती वाटते. आणि शहानिशा करायला याच आंबेगाव तालुक्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

30 जुलै 2014 रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर खचला. चाळीसहून अधिक घरे काही क्षणांत चिखलाखाली गेली. मृतांचा अधिकृत आकडा 151 वर थांबला. देशात तेव्हा कोट्यवधी मोबाइल होते आणि माळीण पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर. तरीही गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर आली ती त्या बाजूला गेलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने गाडी नेत असताना, जिथे गाव असायला हवे तिथे त्याला माती दिसली, आणि त्याने ते कळवले. मग यंत्रणा हलली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, वाहिन्यांच्या छत्र्या लावलेल्या गाड्या आल्या आणि पुढे आठवडाभर माळीण हे नाव देशभर ऐकू आले.

या घटनेचा अर्थ लावताना बहुतेकांनी ‘तिथे रेंज नव्हती’ एवढे म्हणून विषय संपवला. हे स्पष्टीकरण आम्हाला अपुरे वाटते. त्या चालकाजवळ असे काय होते, जे मोबाइलजवळ नव्हते, हा खरा प्रश्न आहे. त्याची फेरी ठरलेली होती. गावात कोणी जिवंत असो वा नसो, कोणी हाक मारो वा न मारो, गाडी तिथे जाणारच होती. काल काय होते हे त्याला ठाऊक असल्याने आज काय नाही हे त्याला दिसले. आणि त्याने सांगितलेले ऐकणारे, त्यावर विश्वास ठेवणारे कोणीतरी दुसऱ्या टोकाला होते. डेपोचा माणूस सांगतो म्हणजे खरे असणार, ही पत त्याच्या गणवेशाला होती. मोबाइल या सगळ्याची जागा घेऊ शकत नाही. तो ज्याच्या हाती असायचा तो माणूसच ढिगाऱ्याखाली असेल, तर यंत्र कितीही स्वस्त असो, मुकेच राहते.

मराठी वृत्तपत्रसृष्टीला हे एकेकाळी नीट कळत होते. नानासाहेब परुळेकरांनी 1 जानेवारी 1932 रोजी ‘सकाळ’ सुरू केला तो पुण्याच्या पेठांपुरता ठेवला नाही. जिल्ह्यातल्या लहान गावांतून नियमित बातमीपत्रे यावीत अशी जोडणी त्यांनी केली. 1948 च्या जूनमध्ये पुणे-नगर मार्गावर एस.टी. सुरू झाली आणि पुढे तिचे जाळे पसरत गेले, तसे बातमीचे पाकीट कंडक्टरच्या हाती देणे हा आडगावच्या वार्ताहराचा नित्यक्रम झाला. संध्याकाळी शहराच्या स्थानकावर वृत्तपत्राचा माणूस ते उतरवून घेई. तातडीची बातमी तारेने जाई, आणि तिथे एक सोय होती जिचा आज सर्वांना विसर पडला आहे: अधिकृत बातमीदाराला तारेचे पैसे खिशातून भरावे लागत नसत, ते वृत्तपत्राच्या खात्यावर पडत, शिवाय वृत्तपत्रीय तारेचा दरही सवलतीचा असे. 15 जुलै 2013 रोजी तारसेवा बंद झाली, तेव्हा जन्ममृत्यूच्या तारांच्या आठवणींनी रकाने भरले. बातमी पाठवण्याचा खर्च बातमी घेणाऱ्याने सोसायचा, हा व्यवहारही तिच्याबरोबर गेला, याची नोंद मात्र आमच्या वाचनात आली नाही.

आज तो खर्च कोण सोसतो? तालुक्याचा वार्ताहर सोसतो. फोन त्याचा, दरमहाचे रिचार्ज त्याचे, मोटारसायकल आणि पेट्रोलही त्याचे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि डेटाचे दर कोसळले, तेव्हापासून तर ‘आता काय, सगळे फुकटच आहे’ असे म्हणण्याची सोय झाली. बहुतेक ठिकाणी त्याला मानधन असे मिळते की ते विचारू नये. त्यातही दिवाळी अंकाच्या आणि वर्धापनदिनाच्या जाहिराती गोळा करण्याचे काम त्याच्याच गळ्यात. ज्या सरपंचाविरुद्ध वा ठेकेदाराविरुद्ध लिहायचे, त्याच्याचकडे ऑक्टोबरात शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी जायचे. साधने स्वस्त झाली याचा लाभ झाला तो वृत्तपत्राच्या जमाखर्चाला. वार्ताहराच्या बाबतीत एवढेच झाले की, पूर्वी बातमी लिहिणारा तो आता छायाचित्रकार, ध्वनिमुद्रक आणि चित्रफितींचा संकलकही झाला, त्याच मानधनात.

तंत्राकडे वळू. सह्याद्रीच्या या भागात वाड्या दऱ्यांच्या कुशीत विखुरलेल्या आहेत आणि रेडिओलहरींना डोंगर आडवा आलेला चालत नाही. जुन्या जीएसएम पद्धतीत एका मनोऱ्याचा पल्ला कागदावर 35 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. पण मधे एक सोंड आली की पलीकडची वाडी अंधारात. म्हणून घाटमाथ्यावर गावोगावी एखादा दगड, एखादा टेकाडाचा माथा, देवळामागचा एखादा कोपरा ‘रेंजचा’ म्हणून ठरलेला असतो आणि निरोप पाठवायचा तर तिथवर चालत जावे लागते. पावसाळ्यात वीज गेली की मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग तोही मिटतो. म्हणजे ज्या दिवशी बातमी घडण्याचा संभव सर्वाधिक, नेमका त्याच दिवशी तो यंत्रणेच्या मौनाचाही दिवस असतो. हे केवळ डोंगराचे दुर्दैव नव्हे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतलेही मोबाइल मुके झाले होते. फरक असा की मुंबई कुठे गेली हे पाहायला एस.टी. पाठवावी लागत नाही.

अशा क्षीण संपर्कातून काय जाऊ शकते? चित्रफीत जात नाही. ती चढवता चढवता फोनची बॅटरी संपते. कॉल लागला तर लागतो. लघुसंदेश मात्र जातो, कारण त्याला सलग जोडणी लागत नाही; निमिषभर संपर्क झाला तरी तो निसटतो, आणि घेणाऱ्याचा फोन बंद असला तर मध्यवर्ती यंत्रात वाट पाहत थांबतो. बातमीदारीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चिवट साधन हेच. पण त्यातही एक मेख आहे. एका संदेशात रोमन लिपीची 160 अक्षरे मावतात आणि देवनागरीची अवघी 70, तीही काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजून. मराठीतून कळवायचे तर निम्म्याहून कमी जागा! आमच्या वार्ताहरांनी वर्षानुवर्षे रोमन लिपीत मराठी लिहिले ते भाषेच्या अनास्थेने नव्हे, या हिशेबाने. पुढे देवनागरीचे कळफलक फोनमध्ये आले, 2017 मध्ये गूगलने मराठी बोलून टंकित करण्याची सोय दिली. पण या सोयीला चांगला डेटा मिळाला तर ती कामाची. जिथे तिची निकड, तिथे ती रुसलेली.

आता यावर कोणी म्हणेल, मनोरे वाढवा म्हणजे झाले. वाढवावेतच. जुलै 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संपर्काबाहेरच्या 24,680 गावांना फोर-जी देण्यासाठी 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण मनोरा आला की बातमी आपोआप येईल, ही समजूत भाबडी आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्या भागात मोबाइलवरूनच फिरत होती. तिथे फोन होता, डेटा होता, वेगही होता. नव्हता तो आलेला मजकूर तपासून ‘हे खोटे आहे’ असे ज्याच्या शब्दाने लोक मानतील असा माणूस. माळीणच्या चालकाजवळ जी पत होती, ती राईनपाड्याच्या पडद्यावर कोणाजवळच नव्हती.

याउलट, मध्य भारतात साध्या फोनवर उभा राहिलेला एक प्रयोग आम्हाला फार बोलका वाटतो. शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. गोंडी बोलणारा माणूस एका क्रमांकावर मिस्ड कॉल देतो; उलट कॉल येतो, तो आपले म्हणणे सांगतो; संपादक ते ऐकून पडताळतात, आणि मग इतरांना ते फोनवरच ऐकता येते. शाळेत शिक्षक येत नाही, रेशन मिळाले नाही, हातपंप बिघडला आहे, अशा त्या बातम्या. स्मार्टफोन नको, डेटा नको, लिहिता येण्याचीही अट नाही. मिस्ड कॉल हा आपल्याकडच्या गरिबीने लावलेला शोध. त्याची आपण पुष्कळ थट्टा केली. पण तारेच्या जमान्यातला तो विसरलेला व्यवहार, म्हणजे खर्च ऐकणाऱ्याने सोसायचा, इथे जसाच्या तसा परत आला आहे. बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’च्या बायकांनी 2002 पासून आधी छापील पत्र आणि मग मोबाइलवरच्या चित्रफिती, असा प्रवास केला. तिथेही फोनआधी संपादक होते, प्रशिक्षण होते, पगार होता. महाराष्ट्रात एवढी दैनिके असताना एकाही मोठ्या दैनिकाने आदिवासी तालुक्यांसाठी असा उलट कॉल करणारा क्रमांक चालवल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

अशा क्रमांकाची गरज केवळ दरडीसाठी नाही. दरड ही एक दिवसाची बातमी. तिला शेवटी कॅमेरे मिळतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडे उन्मळून पडली. महादेव कोळी कुटुंबांच्या हाती वर्षातून एकदा रोख पैसा येतो तो बाळहिरड्याचा. पडलेले झाड पुन्हा लावून त्याला फळ धरायला वर्षे जातात. पण पडलेल्या हिरड्याचे छायाचित्र पाहून कोणाचे काळीज हलणार? किनाऱ्यावरची उडालेली छपरे पडद्यावर आली, हिरडा आला नाही, आणि त्याच्या भरपाईचा प्रश्न मोर्चे-उपोषणांतून काही वर्षे रेंगाळत राहिला. ही बातमी एका छायाचित्रात मावणारी नव्हती. कोणाची किती झाडे पडली, पंचनामा झाला का, कार्यालयाने काय सांगितले, हे आठवड्यामागून आठवडे, त्याच माणसाने, त्याच क्रमांकावर कळवत राहायला हवे होते. म्हणजे पुन्हा ठरलेली फेरीच.

माळीणनंतर 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातले तळिये गेले आणि बचावपथके दुसऱ्या दिवशी पोचली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. तिथे तर रस्ताच नव्हता. त्याच 2023 साली सरकारने आपत्तीच्या सूचनेची चाचणी घेतली आणि लाखो फोन एकाच वेळी कर्कश वाजले. वरून खाली निरोप धाडण्याची सिद्धता तर झाली. खालून वर येणाऱ्या निरोपाचे काय? कल्पना करा, तळेघर वा अहुप्याच्या बाजूच्या एखाद्या वाडीतल्या मुलीने रेंजच्या दगडापर्यंत पावसात धावत जाऊन लिहिले: ‘वाडीवर दरड कोसळली. घरे गाडली गेली. मदत पाठवा.’ हा मजकूर काना-मात्रांसकट 70 च्या आत सहज बसतो. तो पाठवायचा कोणाला? तिला पाठ असलेला, रात्री तीन वाजताही कोणी उचलेल असा क्रमांक तिच्याजवळ हवा. आणि पलीकडे तिचे नाव नोंदलेले हवे, म्हणजे ‘तू कोण?’ या प्रश्नात पहिला अर्धा तास जाणार नाही. प्रत्येक वाडीतली दोन नावे, तालुक्याच्या गावी एक पगारी माणूस आणि दर आठवड्याला न चुकता त्यांना जाणारा एक कॉल: एवढ्याचा खर्च एखाद्या दैनिकाच्या वर्धापनदिनाच्या मांडवाहून जास्त नसावा.